आमच्या शाळांतील गाणे : पांढुर्णा-सौंसरचा एक अध्याय



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते गुरुजी शिकवीत गणित. पण त्यांची बोटे खरी रमत ती पेटीवर. म्हणून आज मी साहित्याऐवजी शाळेतील गाण्याचा विषय निवडला आहे. हा विषय हलका नाही. आपल्या या मराठी भाषक पट्ट्यात भाषेचा इतिहास जितका सरकारी दप्तरांत सापडतो, तितकाच तो प्रार्थनेच्या रांगेत आणि शनिवारच्या बालसभेतही सापडतो.

जुन्या मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती. १९५० च्या राजभाषा कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राज्यकारभारात स्थान दिले होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आपण नव्या मध्यप्रदेशात राहिलो. राजधानी भोपाळला गेली. पांढुर्ण्याची मोठी लाईन आणि सौंसरची छोटी लाईन मात्र पूर्वीसारखीच नागपूरकडे धावत राहिली. सोयरिकी, बाजार आणि दवाखाना यांसाठी माणसे नागपूर गाठीत. अर्ज मात्र हिंदीत लिहीत.

माझे शालेय शिक्षण या बदलानंतरचे, हिंदी माध्यमातले. वर्गात ‘उपस्थित श्रीमान’ म्हणायचे आणि फाटकाबाहेर पाऊल पडताच नागपुरी वळणाच्या मराठीत भांडायचे, हा आमचा नित्यक्रम होता. प्रार्थना हिंदी, प्रभातफेरीच्या घोषणा हिंदी, राष्ट्रगीत बंगाली वळणाचे. गाण्याच्या तासाला मात्र भाषेची ही वाटणी आपोआप सैल होई, आणि त्याचे कारण संगीतशिक्षणाच्या इतिहासातच आहे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी घराण्याघराण्यांत बंदिस्त असलेल्या चिजा मिळवून, स्वरलिपीत बांधून ‘क्रमिक पुस्तकमालिके’त छापल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग त्यांनी गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने लिहिले, तेही मराठीत. बंदिशींचे बोल मात्र बहुतेक ब्रज-हिंदीचे. पुढे हीच पुस्तके हाथरसच्या संगीत कार्यालयाने हिंदीत आणली. आणि ते कार्यालय स्थापणारे गृहस्थ म्हणजे कविसंमेलने हसवून सोडणारे काका हाथरसी! म्हणजे मराठी माणसाने जमविलेली हिंदी गाणी आणि त्यांवरचे मराठी विवेचन हिंदी अनुवादातून पुन्हा आम्हा मराठी मुलांच्या हाती आले. गुरुजी चीज ब्रजभाषेत सांगत आणि ‘अरे, गंधार कोमल लाव ना रे बाबा’ असे मराठीत ओरडत. त्या तासाला कोणती भाषा मोठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात आला नाही. राज्याच्या सीमा आखणाऱ्यांनी असा एखादा तास पाहायला हवा होता, असे मला आजही वाटते.

पेटीविषयी एक गंमत सांगतो. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर जी बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. श्रुतींचा बारकावा या वाद्यात येत नाही, हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नाही. पण तंबोरा जुळवून देणारा माणूस गावात मिळत नसे, तिथे शाळेने काय करावे? १९४८ पासून नागपूर केंद्राचे मराठी कार्यक्रम आम्ही ज्या रेडिओवर ऐकत होतो, त्या रेडिओला वर्ज्य असलेली पेटीच आमच्या साऱ्या संमेलनांचा आधार होती.

तथापि, शाळेच्या मंचावर आले ते सर्वच गाणे नव्हे, हेही इतिहासकाराने नोंदविले पाहिजे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणत आणि खिरापत ओळखायला लावीत. पोळ्याच्या झडत्यांत तर सावकारापासून पाटलापर्यंत कोणाचीही गय नसे. दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार असे, म्हणून झडत्यांची चर्चा लवकरच मागे पडे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९-१९६८) खंजिरीवरची भजने गावच्या ओट्यावर रंगत; ती शाळेत आली, पण उशिरा आणि सभ्य होऊन, खंजिरीवाचून.

सर्वांत मोठी उणीव निराळीच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर आपल्या परिसरातील वस्त्यांतून भीमगीते दुमदुमू लागली. ठसठशीत, अर्थवाही मराठीत, ढोलकीच्या ठेक्यावर. माझ्याच बाकावर बसणारा एक सहाध्यायी ती अप्रतिम गाई. वार्षिक संमेलनात त्याला नेहमी समूहगीताच्या मागच्या रांगेत उभे केले जाई. मराठी या मुलखातून जाऊ नये अशी तळमळ बोलून दाखविणाऱ्यांना आपल्याच गावातील ही सर्वांत जिवंत मराठी ऐकू आली नाही. भाषा केवळ सरकारी निर्णयानेच आक्रसते असे नाही. आपण कोणाचे गाणे ऐकायचे नाकारतो, यानेही ती आक्रसते.

२०१५ मध्ये छोटी लाईन रुंदीकरणासाठी बंद झाली आणि आता तिच्या जागी मोठी गाडी धावते. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नव्या जिल्ह्याचा इतिहास आज ना उद्या लिहिला जाईलच. त्यात शाळांचे प्रकरण असेल, तर पटसंख्या आणि इमारती यांबरोबर ही गाणीही असावीत. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाजवळ संमेलनांच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका, गाण्यांच्या वह्या वा छायाचित्रे असतील, तर त्यांनी ती शाळेच्या ग्रंथालयाकडे द्यावीत. घरातील वडीलधाऱ्या बायकांकडून भुलाबाईची गाणी आणि वस्त्यांतील शाहिरांकडून भीमगीते ध्वनिमुद्रित करून घेण्याचे काम वरच्या वर्गातील विद्यार्थी येत्या दिवाळीच्या सुट्टीतही सुरू करू शकतील.