आमच्यामागे कोण? एका गावाने दिलेले उत्तर



गणपतीच्या कार्यक्रमात आरती सुरू झाली की आमच्यापैकी एखादे जोडपे हळूच मागच्या दाराने पार्किंग लॉटमध्ये जाऊन बसते, हे काहींच्या लक्षात आले असेल. ताशा, झांजा आणि माईकची शिट्टी हे सगळे एकदम कानांवर आले की आमची मुले सैरभैर होतात. मग प्रसादाची वाटी कुणीतरी गाडीत आणून देते. आम्ही म्हणजे मंडळातल्या चार घरांतले आईवडील. आमच्या मुलांना ऑटिझम आहे. मराठीत हल्ली स्वमग्नता म्हणतात. मुले आता शाळा संपवण्याच्या वयाला आली आहेत आणि आम्ही पन्नाशी ओलांडली आहे. महिन्यातून एकदा चहाला जमलो की सगळ्या गप्पा फिरून एकाच प्रश्नाशी येतात : आमच्यामागे कोण?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला एका माणसाची आणि त्याच्या गावाची हकिकत वाचायला मिळाली. ती सर्वांना सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे छोटे गाव आहे. तिथे १९३३ साली डोनाल्ड ट्रिपलेट ह्या मुलाचा जन्म झाला. वडील वकील, आईच्या माहेरची गावात बँक. मूल हुशार होते, ऐकलेले गाणे त्याच्या लक्षात राही. पण आईकडे बघून हसत नसे, हाक मारली तर वळत नसे. गोल वस्तू फिरवत तासन्‌तास बसे, आणि घरातली एखादी गोष्ट जागची हलली तर आकांत करी. त्या काळच्या डॉक्टरांनी सल्ला दिला, की मुलाला घरापासून दूर ठेवा. १९३७ साली, चार वर्षांचाही झालेला नसताना, त्याला एका संस्थेत पाठवले. ती संस्था खरे तर क्षयाचा धोका असलेल्या मुलांसाठी होती. आईवडिलांना महिन्यातून दोनदा भेटायची परवानगी होती. मूल तिथे कोमेजत गेले. वर्षभराने आईवडिलांनी डॉक्टरांचे न ऐकता त्याला घरी आणले.

त्यानंतर वडिलांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉ. लिओ कॅनर ह्यांना तेहेतीस पानी पत्र पाठवले. मुलाच्या बारीकसारीक सवयी त्यांनी त्यात नोंदल्या होत्या. १९३८ च्या ऑक्टोबरात डोनाल्डला घेऊन दोघे बाल्टिमोरला गेले. पुढे १९४३ साली कॅनरांनी अकरा मुलांवरचा तो प्रसिद्ध निबंध लिहिला, ज्यातून ऑटिझम हे निदान जगापुढे आले. त्यात पहिल्या क्रमांकाचा मुलगा म्हणजे हा डोनाल्ड. ह्या शास्त्राचा पाया अशा रीतीने एका बापाच्या पत्रावर उभा आहे, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

पण निदान झाले म्हणून रोजचा दिवस सोपा होत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. डोनाल्डचा दिवस सोपा केला तो एका शेतकरी जोडप्याने. नऊ वर्षांचा असताना, १९४२ साली, आईवडिलांनी त्याला घरापासून दहा मैलांवरच्या एका शेतावर राहायला ठेवले. ह्या जोडप्याने मानसशास्त्राचे पुस्तक उघडलेले नव्हते. पण त्यांनी केले काय ते पाहा. मुलाला मोजमापाचे वेड होते. त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल झाली ते मोजून सांगायचे काम दिले. मक्याच्या ओळी तो पुन:पुन्हा मोजत बसे. त्यांनी सांगितले, मोज बाबा, पण नांगर धरून मोज. मेलेली पाखरे आणि किडे गोळा करायचा त्याला नाद लागला, तेव्हा ओरडण्याऐवजी त्यांनी त्याला दफनभूमीसाठी जागाच नेमून दिली. तो प्रत्येक जिवाला नाव देई आणि पाटीवर शेतकऱ्याचे आडनाव लावी! १९४५ साली कॅनर स्वत: शेतावर जाऊन आले आणि त्यांनी ह्या दोघांच्या शहाणपणाची तोंड भरून नोंद केली. मुलाचे वेड मोडून काढण्याऐवजी त्याला कामाला जुंपायचे, एवढेच त्यांनी केले होते.

पुढे डोनाल्ड गावच्या हायस्कुलात गेला. तिथे मुलांनी त्याला विचारले, शाळेच्या इमारतीला विटा किती? त्याने एक नजर टाकून आकडा सांगितला आणि गावभर त्याचे नाव झाले. म्हातारपणी त्याने कबूल केले, की तो आकडा मनचाच होता. मुलांनी आपल्याला चांगले म्हणावे एवढीच इच्छा होती. ज्यांना माणसांची गरज नाही असे जग समजत होते, त्यांच्यातला हा पहिला माणूस! १९५८ साली तो पदवीधर झाला, घरच्या बँकेत नोकरीला लागला, सत्ताविसाव्या वर्षी गाडी शिकला. गोल्फ तर नेमाने खेळे. जगभर एकटा हिंडला, मात्र कुठेही सहा दिवसांपेक्षा जास्त राहिला नाही. १९८० च्या दशकात आईवडील दोघेही गेले. घरच्यांनी पैशांची तजवीज ट्रस्टमध्ये करून ठेवली होती, भाऊ आणि पुतणे लक्ष ठेवून होते. आणि मुख्य म्हणजे गाव होते. दोन पत्रकार त्याची माहिती काढायला फॉरेस्टला गेले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना बजावले, की आमच्या डॉनला दुखवाल तर गाठ आमच्याशी आहे. १५ जून २०२३ रोजी, नव्वदीला आला असताना, त्याच गावात त्याने डोळे मिटले.

ही गोष्ट सांगताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. डोनाल्डचे घर श्रीमंत होते, गोरे होते, गावात त्यांचा शब्द चाले. त्या अकरांतली सगळीच मुले इतकी नशीबवान नव्हती. १९७१ साली कॅनरांनी त्यांचे पुढे काय झाले ते पाहिले, तेव्हा सरकारी संस्थांत टाकलेल्या मुलांचे आयुष्य तिथेच कोमेजून गेलेले त्यांना आढळले. रोग एक, निदान एक, डॉक्टरही तेच. फरक पडला तो भोवतालच्या माणसांमुळे.

मधल्या काळात आयांवर जे ओढवले, तेही सांगायला हवे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस खुद्द कॅनरांनीच आईबापांच्या थंडपणाकडे बोट दाखवले होते. मग शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम ह्यांनी तर आईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले; त्यांचे पुस्तक १९६७ साली आले आणि खूप गाजले. आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले, असा त्याचा सूर. आज हे कोणी मानत नाही. ऑटिझम मेंदूच्या जडणघडणीत असतो आणि त्यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे, हे नंतर सिद्ध झाले. पण त्याला पहिला धक्का दिला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलंड हे नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या मुलाला ऑटिझम होता. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून आयांवरचा आळ खोडून काढला आणि पुढच्याच वर्षी पालकांची देशव्यापी संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. १९६९ साली ह्याच संघटनेच्या सभेत कॅनरांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले. मंडळी, हे वाचताना आमच्यातल्या एका आईचे डोळे भरून आले. कारण पिंजरा गेला तरी पुटपुट गेलेली नाही. "दोघेही नोकरी करतात ना, मुलाकडे बघायला वेळ कुठे आहे" हे वाक्य आम्ही मराठीतच ऐकले आहे.

पालकांच्या ह्या चळवळीने दोन गोष्टी मिळवल्या. एक म्हणजे कायदा. १९७५ पर्यंत अमेरिकेतली शाळा अशा मुलाला दारातूनच परत पाठवू शके. त्या वर्षीच्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला सरकारी शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला, आणि १९९० साली त्यात ऑटिझमचे नाव स्वतंत्रपणे आले. आपली मुले पिवळ्या बसमध्ये चढतात, त्याच्यामागे ह्या आईबापांची पायपीट आहे. दुसरी गोष्ट म्हणजे रोजच्या वापराच्या युक्त्या. नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉपलर ह्यांनी १९६० च्या दशकात काम सुरू केले. ते बेटलहाइमांचेच विद्यार्थी, पण त्यांनी गुरूच्या उलट आईबापांना आरोपी न मानता सहकारी मानले. १९७२ साली त्यांच्या कामाला राज्यभर सरकारी पाठबळ मिळाले. ह्या मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले सहसा चांगले समजते, हे ओळखून त्यांनी दिवसाचा क्रम चित्रांत मांडायची पद्धत रूढ केली. आमच्या एकाच्या फ्रिजवर अशीच पट्टी आहे : दात घासणे, पोहे, बस, शाळा, आजीचा फोन. झालेले चित्र काढून डब्यात टाकायचे. पाहुणे येणार असतील तर त्यांचा फोटो सकाळीच लावून ठेवायचा. साधी गोष्ट, पण तिने आमच्या घरातली निम्मी रडारड थांबवली.

आता आपल्या मराठी घरांविषयी. मुले लहान असताना आम्हांला एका शाळेत सांगण्यात आले, की घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळते. आम्ही ऐकले. आजी फोनवर आली की मुलाच्या हातून फोन काढून घेऊ लागलो. आजीला इंग्रजी येत नव्हते. २०१२ साली कॅनडात पंच्याहत्तर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की ऑटिझम असलेली मुले दोन भाषांत वाढली म्हणून त्यांची भाषा एका भाषेत वाढलेल्या तशाच मुलांपेक्षा मागे पडत नाही. पुढच्या अभ्यासांतूनही हेच निघत आले. आमची ती वर्षे परत येणार नाहीत. ज्यांची मुले आज लहान आहेत त्यांना कळकळीने सांगतो, मराठी सोडू नका. आपले मूल ज्या दहा माणसांचे आहे त्यांतली सहा मराठीत बोलतात.

तिकडे भारतातही वाट सोपी नव्हती. १९९१ साली दिल्लीत मेरी बरुआ ह्या एका आईने ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था सुरू केली. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, त्यात तो आला. आणि २०१६ च्या कायद्याने त्याला अपंगत्व म्हणून पूर्ण मान्यता मिळाली. म्हणून गावाकडची मंडळी "थांबा, बोलेल उशिरा, ह्याचे काकाही उशिरा बोलले" असे म्हणतात तेव्हा आम्ही रागावत नाही; त्यांना सांगायला कोणी आलेच नव्हते. जुन्या वाड्यांत असा एखादा माणूस सामावून जाई, हे खरे; आणि त्याला वेडा म्हणून खडे मारणारी पोरेही त्याच गल्लीत असत, हेही खरे.

तर पुन्हा तो प्रश्न. आमच्यामागे कोण? शाळेचा हक्क साधारणपणे एकविसाव्या वर्षी संपतो आणि बस यायची थांबते. पैशांची सोय आम्ही करतो आहोत. विशेष गरजांसाठीचा ट्रस्ट करता येतो, २०१४ च्या कायद्यामुळे अशा व्यक्तीच्या नावे वेगळे बचत खातेही उघडता येते. ज्यांनी हे केले नसेल त्यांनी वकिलाला लवकर भेटावे. पण डोनाल्डकडे ट्रस्टशिवाय आणखी काही होते. बँकेतला सहकारी होता, गोल्फचा जोडीदार होता, रस्त्यात थांबून हाक मारणारा शेजारी होता. ट्रस्ट औषधाचे बिल भरील, "आज दिसला नाहीस, बरा आहेस ना?" असे विचारणार नाही.

आपण सगळे गाव सोडून इथे आलो. आपल्या मुलांना काका, मामा, आत्या नावाला आहेत, पण त्या सात समुद्रांपलीकडे. इथे आपले गाव म्हणजे हे मंडळ. अमेरिकेच्या सरकारने २०२२ सालची जी पाहणी केली, तीत पाहणीच्या ठिकाणी आठ वर्षांच्या दर एकतीस मुलांमागे एकाला ऑटिझम आढळला. म्हणजे आम्ही चारच घरे असू हे संभवत नाही. बाकीची कार्यक्रमाला येतच नसतील, इतकेच.

आमचे मागणे मोठे नाही. हॉलशेजारची एखादी खोली शांत ठेवावी. कार्यक्रमाचा क्रम आठवडाभर आधी कळवावा आणि शक्यतो तो पाळावा (मराठी मंडळाला हे अवघड आहे, कल्पना आहे!). आमचा मुलगा नजर देत नसेल तरी त्याला नावाने हाक मारावी. उत्तर यायला दहा सेकंद लागतात, तेवढे थांबावे. आणि त्याला काम द्यावे. खुर्च्या मोजून ओळीत लावायच्या असतील तर त्याच्याइतका नेमका माणूस मंडळात दुसरा नाही. त्या शेतकऱ्याने नांगर दिला, तुम्ही खुर्च्या द्या.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी आम्ही चहाला जमतो. ज्यांना यावेसे वाटेल, त्यांनी मंडळाच्या कार्यवाहांकडे निरोप ठेवावा. निदान झाले असो वा नसो, नाव कुठे लिहिले जाणार नाही. चहा आमचा, चिवडा तुमचा.

चूकभूल द्यावी घ्यावी.

आपले,
मंडळातले चार घरांचे आईवडील