व्याख्यानांची शिदोरी : चित्रफिती उतरवून घेणारे ‘एक्स्टेन्शन’

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने (एमआयटी) आपले अभ्याससाहित्य इंटरनेटवरून विनामूल्य खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. भारतात सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटेल’ हा उपक्रम हाती घेतला. नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने त्यामुळे घरबसल्या ऐकता येऊ लागली. मात्र वसतिगृहातील संथ जोडणी, डेटाची दैनंदिन मर्यादा किंवा प्रवासात तुटणारा संपर्क यांमुळे अनेकांची व्याख्याने अर्धवट राहतात. चित्रफीत संगणकावर उतरवून सवडीने पाहणे, हा त्यावरील उपाय. त्यासाठी ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमला ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात.

कार्यपद्धती

पडद्यावर सलग दिसणारी चित्रफीत अनेकदा काही सेकंदांच्या तुकड्यांत येत असते. या तुकड्यांचा क्रम व पत्ते एका सूचीत नोंदविलेले असतात. ‘व्हिडिओ डाउनलोडहेल्पर’सारखे एक्स्टेन्शन ब्राउझरकडे येणाऱ्या माहितीवर लक्ष ठेवून ही सूची हेरते, तुकडे उतरवते आणि ते जोडून एकच फाइल तयार करते. ‘डाउनदेमऑल’ची रीत वेगळी आहे. पानावर दुवे दिलेल्या साऱ्या फाइली ते एका दमात उतरवते. फायरफॉक्सने नोव्हेंबर २०१७ मध्ये जुन्या धाटणीची एक्स्टेन्शन बंद केल्यावर ते नव्याने लिहावे लागले व २०१९ मध्ये परतले.

मर्यादा आणि कायदा

डिजिटल कुलूप लावलेल्या चित्रफितीचे तुकडे हाती आले, तरी किल्लीअभावी ते चालत नाहीत. क्रोमच्या अधिकृत दालनात यूट्यूबवरील चित्रफिती उतरविणाऱ्या एक्स्टेन्शनना मज्जाव आहे. ‘पाहण्यास खुले’ म्हणजे ‘प्रत करण्यास खुले’ असेही नव्हे. एमआयटीचे खुले साहित्य श्रेय देऊन, बिगरव्यावसायिक कारणासाठी वाटण्यास परवानगी आहे; परंतु विद्यापीठाच्या अंतर्गत संकेतस्थळावरील व्याख्यानांना त्या संस्थेचे नियम लागू होतात. भारतीय कॉपीराइट कायदा खासगी वापर व संशोधनासाठी उचित वापराची मुभा देतो. तथापि, हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणे २०१२ च्या दुरुस्तीनुसार गुन्हा आहे.

बर्कलेचा धडा

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेने वीस हजारांहून अधिक ध्वनि-चित्रमुद्रणे सर्वांसाठी खुली ठेवली होती. कर्णबधिर व दृष्टिहीनांना ती पुरेशी सुलभ नसल्याचा निष्कर्ष अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१६ मध्ये काढला. ती सुलभ करण्याचा खर्च पेलण्याऐवजी विद्यापीठाने मार्च २०१७ पासून ती सार्वजनिक वापरातून काढून घेण्यास सुरुवात केली. परवान्यात बिगरव्यावसायिक प्रतींना मुभा असल्याने ‘एलबीआरवाय’ या कंपनीने ती आधीच उतरवून पुन्हा खुली केली. दिव्यांगांचा हक्क रास्तच होता. पण खुला खजिना एका निर्णयाने बंद होऊ शकतो, हेही यातून दिसले.

वापरताना

एनपीटेलसारख्या संकेतस्थळांवर उतरवून घेण्याचा अधिकृत दुवा असतो. तो असल्यास एक्स्टेन्शनची गरज नाही. नसल्यास आधी परवाना वाचावा. एक्स्टेन्शन अधिकृत दालनातूनच घ्यावे. अशी बहुतेक एक्स्टेन्शन सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची परवानगी मागतात. त्यामुळे बँकेचे व्यवहार करण्यापूर्वी, किंबहुना काम संपताच, ते बंद करणे श्रेयस्कर.