साथीचा इतिहास आणि गेलेली दृष्टी



मी वैद्य नव्हे. माझे आयुष्य मराठीच्या अध्यापनात गेले. तरीही आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय निवडला, तो आपल्या इतिहासलेखनातील एका उणिवेमुळे. साथीच्या रोगांचा इतिहास आपण बहुधा मृतांच्या संख्येवरून लिहितो. जे वाचले, परंतु डोळा गमावून वाचले, त्यांना त्यात क्वचितच स्थान मिळते.

ही उणीव जुनीच आहे. माझ्या बालपणी देवीच्या रोगातून बचावलेली, चेहऱ्यावर वण आणि डोळ्यांत फूल पडलेली माणसे या शहरात सहज दिसत. १९७७ साली भारत देवीमुक्त झाल्याचे घोषित झाले आणि तो विजय खराच मोठा होता. पण त्या माणसांची दृष्टी काही परत आली नाही.

कोरोनाच्या साथीचा डोळ्यांशी संबंध तर प्रारंभापासूनचा. वुहानमध्ये २०१९ च्या डिसेंबरअखेर सहकाऱ्यांना सावध करणारे डॉ. ली वेनलियांग हे नेत्रवैद्य होते. ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. पुढे काही रुग्णांत डोळे लाल होणे, चुरचुरणे, पाणी वाहणे अशी लक्षणे आढळली. ‘डोळे येणे’ म्हणून आपण ओळखतो, तसाच हा प्रकार. तो बहुधा काही दिवसांत निवळत असे. खरे अरिष्ट आले ते २०२१ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेच्या मागोमाग.

त्या अरिष्टाचे शास्त्रीय नाव म्युकरमायकोसिस. रोग नवा नव्हता; युरोपातील रोगविज्ञानी पाल्टॉफ यांनी १८८५ सालीच त्याचे वर्णन केले होते. या बुरशीचे बीजाणू हवेत, मातीत, कुजक्या पाल्यात असतात आणि धडधाकट माणसाला ते सहसा बाधत नाहीत. मात्र मधुमेह आटोक्याबाहेर गेला, त्यात स्टेरॉइडच्या औषधांनी साखर वाढली आणि प्रतिकारशक्ती खचली, की बुरशी नाकातून गालफडाच्या पोकळ्यांत, तेथून डोळ्याच्या खोबणीत आणि अखेरीस मेंदूपर्यंत पोहोचते. वाटेतील रक्तवाहिन्या ती बंद पाडते. रक्ताविना मेलेला भाग काळा पडतो. बुरशी स्वतः काळी नसते. ‘काळी बुरशी’ हे लोकांच्या तोंडी बसलेले नाव त्या अर्थाने फसवे होय.

२० मे २०२१ रोजी तेलंगण शासनाने या रोगाची नोंद बंधनकारक केली. त्यासाठी आधार घेतला तो १८९७ च्या साथरोग कायद्याचा. मुंबई-पुण्याच्या प्लेगात जन्मलेला हा कायदा मराठी माणसाच्या चांगल्याच परिचयाचा! उपचारांचे मुख्य केंद्र ठरले ते कोठीचे सरकारी कान-नाक-घसा रुग्णालय. नेत्रोपचारांची जोड सरोजिनीदेवी नेत्र रुग्णालयाची. सुलतान बाजारात वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांचा कोठी हा नित्याचा रस्ता. त्याच रस्त्यावर त्या दिवसांत ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनाच्या शोधात नातेवाईक वणवण फिरत होते. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली.

माझा एक जुना विद्यार्थी त्यांपैकी एक. कोरोनातून उठल्यावर त्याचा गाल दुखू लागला, पापणी सुजली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. अशक्तपणा समजून घरच्यांनी चार दिवस काढले. पुढे प्राण वाचवण्यासाठी एक डोळा काढावा लागला. वास्तविक त्याआधीच तो सरकारी आकडेवारीत ‘बरा झालेला’ म्हणून जमा होता. त्या दोन शब्दांत त्याचा डोळा कोठेच नाही.

साखरेवर लक्ष ठेवावे, स्टेरॉइड वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये, डोळ्याची सूज अंगावर काढू नये, हा या इतिहासाचा व्यावहारिक बोध झाला. परंतु इतिहासाचे म्हणून एक ऋण उरतेच. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की आपापल्या घरातील त्या दिवसांची हकिकत तारीखवार लिहून ठेवा आणि शाळेच्या ग्रंथालयात द्या. पुढचा इतिहासकार ‘बरे झालेले’ हा शब्द वाचील, तेव्हा त्यामागे काय काय गेले होते, हे त्याला कळले पाहिजे.