तुम्ही 'ते' नाही, हे सिद्ध कोणी करायचं?

मार्च २००४ मधली गोष्ट. अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी विमानतळावर तिकीट घ्यायला गेले. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींचे हे धाकटे भाऊ, स्वतः चाळीसहून जास्त वर्षं सिनेटमध्ये. वॉशिंग्टन-बोस्टन हा त्यांचा नेहमीचा प्रवास. काउंटरवरचा माणूस म्हणाला, तिकीट देता येणार नाही. का? तेही सांगता येणार नाही. असं एकदा नाही, पाच वेळा झालं. दर वेळी कोणीतरी वरिष्ठ यायचा, ओळखायचा आणि त्यांना पुढे सोडायचा.

कारण नंतर कळलं. विमानात बसू द्यायचं नाही अशा लोकांच्या सरकारी यादीत कुणा संशयिताचं टोपणनाव होतं 'टी. केनेडी'. आणि एडवर्ड केनेडींना सगळा देश 'टेड' म्हणायचा! केनेडींनी थेट अंतर्गत सुरक्षा खात्याचे मंत्री टॉम रिज यांना फोन लावला. तरीही घोळ निस्तरायला तीन आठवड्यांहून जास्त वेळ गेला. ऑगस्टमध्ये सिनेटच्या समितीसमोर त्यांनी हे सगळं सांगितलं आणि साधा प्रश्न विचारला: माझी ही गत, तर सामान्य माणसाने काय करायचं?

त्या प्रश्नाचं धड उत्तर अजून मिळालेलं नाही. पण तो प्रश्न मुळात आला कुठून, हे बघण्यासारखं आहे. त्यासाठी थोडं मागे जाऊ. आणि मागे गेलं की सुरुवात आपल्याकडेच सापडते.

१८५८ साली बंगालात जंगीपूर इथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार करताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या सहीऐवजी त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. उद्या हा माणूस 'ही सही माझी नव्हे' म्हणू नये, एवढाच हेतू. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. हजारो ठशांतून नेमका एक शोधायची जी पद्धत 'हेन्री पद्धत' म्हणून जगभर गेली, तिच्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस कर्मचाऱ्यांचं डोकं होतं. नाव मात्र साहेबाचं लागलं. १९०१ मध्ये ती लंडनला स्कॉटलंड यार्डात पोचली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ठसे घेण्यामागे एक समज होता, की या सगळ्या नेटिवांचे चेहरे सारखेच, नावंही सारखीच, ओळखायचं कसं? म्हणजे ओळखता न येणं ही साहेबाची अडचण, पण ओळख पटवण्याचं ओझं नेटिवाच्या डोक्यावर.

हेच सूत्र दक्षिण आफ्रिकेत सरहद्दीवर आलं. ट्रान्सवालमध्ये शिरताना भारतीयांकडे परवाना लागायचा. एकाच्या परवान्यावर दुसराच येतो, अशी तिथल्या अधिकाऱ्यांची तक्रार. उपाय म्हणून १९०६ मध्ये वटहुकूम निघाला: प्रत्येक आशियाई माणसाने नोंदणी करायची, ठसे द्यायचे आणि दाखला कायम जवळ बाळगायचा. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात भारतीयांनी याला नकार देण्याची शपथ घेतली. गांधीजींच्या सत्याग्रहाची सुरुवात तिथली. सगळ्या जमातीलाच संशयित धरायचं आणि 'मी तो नव्हे' हे प्रत्येकाने खिशात घेऊन फिरायचं, हे त्या लोकांना मान्य नव्हतं. १९०८ मध्ये त्या दाखल्यांची होळी झाली.

पहिल्या महायुद्धानंतर पासपोर्ट सक्तीचा झाला. युद्धापुरती म्हणून आलेली तपासणी युद्ध संपल्यावर गेलीच नाही. आपल्याकडे १९२० मध्ये पासपोर्टचा कायदा आला. पासपोर्टवर फोटो असतो, सही असते. पण सरहद्दीवरचा अधिकारी यादी चाळतो ती नावाने. आणि नाव ही मोठी फसवी चीज आहे.

आता जरा गंमत बघा. १९१८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट रसेल या माणसाने 'साउंडेक्स' नावाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. स्पेलिंग वेगळं पण उच्चार सारखा असलेली आडनावं एकत्र सापडावीत, हा उद्देश. पद्धत सोपी: पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे आणि उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. जनगणनेच्या कागदांत माणूस शोधायला ती उत्तम. पण हीच पद्धत आपल्या आडनावांना लावून बघा. सावंत यांचा कोड येतो एस-५३०. शिंदे यांचाही एस-५३०. आणि स्मिथ? त्याचाही एस-५३०! पाटील आणि पटेल तर एकच. न्यू यॉर्कच्या स्मिथला सावंतवाडीचा सावंत समजण्याची चूक कुठला माणूस करेल? पण ती पद्धत करते. पुढे संगणकांवर नावं जुळवण्यासाठी याच कुळातल्या पद्धती सर्रास वापरल्या गेल्या.

त्यात लिपी बदलली की घोळ आणखी वाढतो. अरबी नावं रोमन लिपीत आली की एकाची दहा होतात. मोहम्मद हे एक नाव किती तऱ्हेने लिहिलं जातं ते मोजा. यादीवाल्याला कुठलंच स्पेलिंग सुटायला नको असतं, म्हणून जाळं रुंद टाकलं जातं. मग जाळ्यात मासे कमी आणि शेवाळच जास्त येतं.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर या याद्या झपाट्याने फुगल्या. आधी अमेरिकेच्या विमानबंदी यादीत वीससुद्धा नावं नव्हती, नंतर ती हजारोंवर गेली. सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. हल्लेखोरांपैकी दोघांची नावं गुप्तहेर खात्याला आधीपासून माहीत होती, पण ती यादीत घालायला ऑगस्ट २००१ उजाडला. तोवर दोघं अमेरिकेत शिरून बसले होते. त्यानंतर प्रत्येक अधिकाऱ्याने मनाशी एकच हिशोब केला: नाव घालायचं राहिलं तर माझी नोकरी जाईल, चुकून घातलं तर मला कोण विचारतंय? सगळ्या रोगाचं मूळ या हिशोबात आहे.

परिणाम काय झाला? डिसेंबर २००३ ते जानेवारी २००६ या काळात यादीशी जुळलेली म्हणून हजारो नावं तिथल्या केंद्राकडे खात्रीसाठी गेली. संसदेच्या लेखापरीक्षकांना आढळलं, की त्यातली जवळपास निम्मी माणसं भलतीच होती. निम्मी!

यातल्या बहुतेकांचा तासभर गेला, फार तर विमान चुकलं. ऑगस्ट २००९ मध्ये नेवार्क विमानतळावर शाहरुख खानला अडवलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता. आपलं नाव यादीतल्या नावाशी जुळत असल्याचं सांगितलं गेलं, असं त्याचं म्हणणं. त्याच्यासाठी वकिलात धावली. २०१६ मध्ये तो पुन्हा अडकला तेव्हा अमेरिकेच्या राजदूताने माफीही मागितली. पण सगळेच शाहरुख किंवा केनेडी नसतात.

खालिद अल-मस्री हे जर्मन नागरिक. ३१ डिसेंबर २००३ ला बसने मॅसेडोनियाच्या सरहद्दीवर पोचले. त्यांचं नाव एका संशयिताच्या नावाशी मिळतंजुळतं, म्हणून पासपोर्टच खोटा असावा असा संशय घेतला गेला. २३ दिवस स्कोप्येच्या हॉटेलात डांबून ठेवलं, मग अमेरिकन गुप्तहेरांच्या ताब्यात दिलं. तिथून अफगाणिस्तानातला तुरुंग. तिथे चार महिने गेले. पासपोर्ट खरा निघाला, माणूस भलताच निघाला. मे २००४ मध्ये त्यांना अल्बेनियातल्या एका निर्जन रस्त्यावर सोडून दिलं. अमेरिकन कोर्टांनी 'सरकारी गुपित' या कारणावरून त्यांचा दावा ऐकलाच नाही. शेवटी डिसेंबर २०१२ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने मॅसेडोनियाला दोषी धरून ६०,००० युरो भरपाई द्यायला लावली. एका नावाच्या घोळाची दाद लागायला नऊ वर्षं गेली.

दुसरं प्रकरण रहिनाह इब्राहिम यांचं. मलेशियाच्या वास्तुविशारद, स्टॅनफर्डला पीएचडी करत होत्या. २ जानेवारी २००५ ला सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर त्यांना बेड्या घातल्या. शस्त्रक्रियेमुळे त्या व्हीलचेअरवर होत्या, बरोबर १४ वर्षांची मुलगी. दुसऱ्या दिवशी जाऊ दिलं, पण परत अमेरिकेत येऊ दिलं नाही. खटला चालला, निकाल लागला २०१४ मध्ये. तेव्हा बाहेर आलं, की तपास अधिकाऱ्याने एका फॉर्ममधल्या चौकटींवर उलट्या खुणा केल्या होत्या. ज्या याद्यांत नाव घालू नये त्यांवर खूण करायची होती, त्याने घालायच्या याद्या समजून केल्या. बस्स! ही चूक कबूल करायला सरकारने नऊ वर्षं आणि वकिलांची फौज लावली.

मग सुधारणा झाल्या नाहीत का? झाल्या. २००७ मध्ये अमेरिकेने तक्रारीची सोय केली. तुमचा घोळ मिटला की एक क्रमांक मिळतो, तो तिकीट काढताना द्यायचा. २०१० पर्यंत नाव जुळवण्याचं काम विमान कंपन्यांकडून सरकारने स्वतःकडे घेतलं आणि नावाबरोबर जन्मतारीख आणि लिंगही तपासायला सुरुवात केली. त्याने फरक पडला. कॅनडात तर लहान मुलंसुद्धा नावापायी अडायची. आईबापांनी वर्षानुवर्षं आवाज उठवल्यावर २०२० मध्ये तिथेही असा क्रमांक आला.

पण या सुधारणांकडे नीट बघा. अर्ज तुम्ही करायचा, जास्तीची माहिती तुम्ही द्यायची, क्रमांक तुम्ही जपायचा. ट्रान्सवालचा दाखला आणि हा क्रमांक यांत सोयीचा फरक आहे, दिशा तीच आहे.

आणि जास्त माहिती दिली की चूक टळतेच असंही नाही. २००३ मध्ये ब्रिस्टलचे एक ७२ वर्षांचे आजोबा दक्षिण आफ्रिकेत सुट्टीवर गेले आणि डरबानला अटकेत पडले. एका भामट्याने वर्षानुवर्षं त्यांची ओळख चोरून वापरली होती, त्यामुळे अमेरिकेच्या वॉरंटवरचे तपशील त्यांच्याशीच जुळत होते. अमेरिकेत खरा आरोपी सापडला तेव्हा सुमारे तीन आठवड्यांनी ते सुटले.

आता आपल्याकडे या. आपल्या इमिग्रेशन काउंटरवर 'लुकआउट सर्क्युलर' चालतं. २०१० मध्ये गृह मंत्रालयाने नियम घालून दिला, की लिंग आणि नागरिकत्व सोडून ओळखीचे किमान तीन तपशील असल्याशिवाय, किंवा नावाबरोबर पासपोर्टचे तपशील असल्याशिवाय असं सर्क्युलर उघडू नये. नियम शहाणपणाचा आहे. कारण आपल्या नावांचं काय सांगावं? स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एका गावात चार संजय पाटील, त्यातल्या दोघांचे वडील शंकर. कुणाचं स्पेलिंग आधारवर एक, पासपोर्टवर दुसरंच. पण तपशील चुकीचा भरला तर भरणाऱ्याला काय? आणि चुकून अडवलेल्याचं विमान गेलं, आखातातली नोकरी गेली, तर ते नुकसान कोण भरून देणार?

याद्या नकोत असं माझं म्हणणं नाही. सरहद्दीवर पहारा लागतोच, आणि पहारा आला की चुकाही होणार. मागणी एवढीच, की चुकीची किंमत जो चुकतो त्याने द्यावी. अडवलेल्या माणसाला कारण लेखी द्या. ठराविक तासांत वरिष्ठाकडून खात्री करा. माणूस भलता निघाला तर यादीतली नोंद त्याच दिवशी दुरुस्त करा, म्हणजे पुढच्या खेपेला तोच माणूस पुन्हा उभा राहणार नाही. तिकिटाचे पैसे भरून द्या. आणि नोंद कोणी केली, कशावरून केली, हे त्याला खाली सहीनिशी लिहायला लावा.

ज्या दिवशी चुकीचं नाव घालणाऱ्यालाही कोणीतरी जाब विचारेल, त्या दिवशी चौकटींवर खुणा करणारे हात आपोआप जपून चालतील.