दादांचे खिळे

माझे वडील गिरगावातल्या एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. संध्याकाळी घरी आले की मोरीत बसून साबणाने हात घासत, तरी बोटांची करडी झाक जात नसे. ती शिशाची. हात धुतल्याशिवाय आई त्यांना पानावर बसू देत नसे. शिसे पोटात जाणे वाईट, हे तिला कोणी सांगितले होते कुणास ठाऊक!

छापखान्यातल्या सुट्या अक्षरांना आपल्याकडे खिळे म्हणतात. शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून ते ओतत. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. तिथले मराठी-संस्कृत ग्रंथ देशभर गेले. चित्रांचे ब्लॉक असत जस्ताचे. म्हणजे आपले सारे वाचन शिसे आणि जस्त यांवर उभे होते. पण ते येई कुठून? इतकी वर्षे शाळेत इतिहास शिकवला, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही.

दादा एक आठवण मात्र नेहमी सांगत. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि शिशाची टंचाई झाली. मालक झिजलेला खिळासुद्धा टाकू देईना. ब्रह्मदेशातल्या बॉडविनच्या खाणींचे शिसे बंद झाले होते. त्या टंचाईत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने राजस्थानात उदयपूरजवळच्या जावरच्या पडीक खाणी पुन्हा तपासायला घेतल्या.

पडीक, पण केवढ्या जुन्या! तिथे सापडलेल्या लाकडांचे वय दोन हजार वर्षांच्या पुढचे आहे. जस्ताची गंमत अशी की भट्टीत ते वितळून खाली साचत नाही, वाफ होऊन उडून जाते. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या मांडून ती वाफ खाली उतरवली आणि थंड करून धरली. इंग्लंडात विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये, म्हणजे त्यानंतर कित्येक शतकांनी. पुढे १९६६ मध्ये हिंदुस्तान झिंक ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि १९७७ मध्ये भिलवाडा जिल्ह्यात रामपुरा-आगुचाचा प्रचंड साठा सापडला.

हे सगळे मी शोधायला लागले ते माझ्या एका विद्यार्थ्यामुळे. परळच्या गिरणी कामगाराचा मुलगा. भूगर्भशास्त्र शिकला, नागपूरकडे नोकरीला लागला आणि आता स्वतःच निवृत्त झाला आहे. गेल्या गणपतीत घरी आला होता.

"अरे, जमिनीच्या पोटात काय आहे ते वरून कसं कळतं?" मी विचारले.

"बाई, आधी डोळ्यांनी. खनिज कुजून वर गंजाची तांबडी टोपी तयार होते, ती शोधायची. मग जमिनीत वीज सोडायची. शिशाच्या खनिजातून ती सहज जाते. जस्ताचं खनिज लबाड, ते वीज नीट वाहू देत नाही. पण त्याच्या सोबतीची खनिजं वीज थोडा वेळ धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात, त्यावरून सुगावा लागतो. शिवाय शिशाचं खनिज पाण्याच्या साडेसातपट जड. तिथं गुरुत्वाकर्षणात किंचित फरक पडतो, तोही मोजायचा. तरीही जमीन फसवते. ग्रॅफाइटसुद्धा असाच संकेत देतो. खरं काय ते ड्रिलच सांगतं."

ड्रिलच्या पोकळ नळीच्या टोकाला हिरे बसवलेले असतात. खडकाचा लांब गोल तुकडा वर येतो. तो खोलीच्या क्रमाने खणांच्या पेटीत मांडतात. त्याने फोटो दाखवला आणि मला दादांची खिळ्यांची केस आठवली. तसेच खण!

नागपूर जिल्ह्यात कोलारी-भानोरी भागात जस्त सापडले आहे, हे त्याच्याकडूनच मला कळले. मी वर्गात जस्त म्हटले की राजस्थान एवढेच सांगत आले.

निघताना तो म्हणाला, "बाई, माझ्या बोअर बहुतेक कोरड्याच गेल्या. जिथं सापडलं, तिथंही खाण झाली नाही. सापडणं वेगळं आणि परवडणं वेगळं. कधीकधी वाटतं, केलं काय आयुष्यभर?"

"मग त्या कोरड्या बोअरचं पुढे काय करता?"

"नकाशावर नोंदवतो. पुढच्यानं तिथं पुन्हा खणू नये म्हणून."

मी त्याला दादांचे सांगितले. पुस्तक छापून झाले की ते बांधलेले पान सोडून एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकत. खिळा चुकीच्या खणात पडला, तर पुढच्या माणसाच्या पानात चूक व्हायची. कुठल्याच पुस्तकावर दादांचे नाव नाही. पण ती पुस्तके वाचूनच आम्ही शहाणे झालो.

तो काही बोलला नाही. वाकून नमस्कार केला आणि जिना उतरला. असो.