रानभाताचे धनी कोण?

आपल्या मुलांच्या इथल्या पाठ्यपुस्तकांत शोध म्हटला की बहुधा एक नाव आणि एक साल असते. मी कोकणातल्या भातशेतीत वाढलो आणि नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात आलो. त्यामुळे भाताच्या एका शोधाची हकिकत मला सांगावीशी वाटते. त्या शोधाला एकच धनी नाही.

भाताची पाने कडेने पिवळी पडून वाळू लागली की आमच्याकडे 'करपा आला' म्हणत. हा कडा करपा झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होतो. फवारणीने तो खात्रीने आटोक्यात येत नाही. म्हणून मूळचीच प्रतिकारशक्ती असलेले वाण हाच खरा उपाय.

१९७७ मध्ये आफ्रिकेतल्या मालीमधून एक रानभात कटकच्या भात संशोधन संस्थेत आला. तिथे देवदत्त यांना दिसले की, भारतातल्या या जिवाणूच्या सगळ्या प्रकारांना तो दाद देत नाही. पुढच्या वर्षी तो फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पोहोचला. तिथे गुरुदेव खुश आणि सहकाऱ्यांनी बारा वर्षे संकर करून त्याचा गुण लागवडीच्या भातात उतरवला. १९९५ मध्ये आमच्या डेव्हिस विद्यापीठात पामेला रोनाल्ड यांच्या गटाने 'एक्सए-२१' हे जनुक वेगळे केले. विद्यापीठाने त्याचे पेटंट घेतले.

मग प्रश्न आला : मालीचे काय? रोनाल्ड यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये एक निधी ठरला. या जनुकाचे बियाणे कंपन्यांनी विकले, तर त्यातला वाटा मालीसारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी जायचा होता. पण तसे बियाणे बाजारात आलेच नाही, आणि वाटाही कागदावरच राहिला.

शेतकऱ्याच्या हाती ते जनुक दुसऱ्या वाटेने आले. हैदराबादच्या दोन सरकारी संस्थांनी साध्या संकरातून, जनुकखुणांच्या मदतीने, सांबा मसुरीत तीन प्रतिकारक जनुके आणली. हे सुधारित वाण २००८ मध्ये प्रसारित झाले.

पेटंटावर नाव एका विद्यापीठाचे, पण कष्ट चार देशांचे. मालीचे देणे मात्र अजून फिटलेले नाही. मुलांनी सायन्स फेअरला हा विषय घेतला, तर नकाशावर मालीही दाखवायला सांगा.