कुड्याचं सत्त्व कोणी काढलं?

मुलचेऱ्यात बोलायचं आणि कुड्याचं नाव घ्यायचं नाही, हे काही बरं नाही. आपल्या जंगलातलं हे पांढऱ्या फुलांचं झाड. हगवण लागली की त्याची साल किंवा बी, म्हणजे इंद्रजव. पूर्व बंगालातून येऊन इथे वसलेली मंडळी त्यालाच कुर्ची म्हणतात.

रसायनशास्त्रात या झाडाचा इतिहास १८५८ पासून सांगतात. त्या वर्षी मुंबईत हेन्स नावाच्या डॉक्टरांनी सालीतून कोनेसिन वेगळं केलं. हा अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजन असलेला, क्षारासारखा वागणारा पदार्थ. वाट युरोपात आधीच पडली होती. सेर्ट्युर्नरनं अफूतून मॉर्फिन काढलं, आणि १८२० मध्ये पेलेतिए व काव्हांतू यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन.

रीत सोपी आहे, बघा. झाडात हा पदार्थ आम्लाशी बांधलेला असतो, म्हणून पाण्यात उतरतो. चुना किंवा अमोनिया घातला की ती गाठ सुटते. मग तो पाण्यात राहत नाही, इथरमध्ये किंवा क्लोरोफॉर्ममध्ये जातो. पातळ आम्लाबरोबर हलवला की पुन्हा पाण्यात! अशा दोन-तीन येरझारांत मेण, रंग, चिकटा मागे पडतो.

आता आपलं कुटजारिष्ट घ्या. सालीचा काढा चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवायचा, गूळ घालायचा, धायटीची फुलं टाकून आंबवायचं. आधी पाण्यानं काढलं. पुढे भांड्यातच मद्यार्क तयार झाला. म्हणजे 'काढणं' आपल्याकडे होतं, 'वेगळं करणं' नव्हतं. हा फरक लहान नाही. वेगळं केल्यानं मात्रा नेमकी मोजता येते. पण शुद्ध कोनेसिन रुग्णांना दिल्यावर निद्रानाश, अस्वस्थपणा असे त्रासही दिसले. तेव्हा शुद्ध म्हणजे निर्धोक, असं समजू नका.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. माझ्या दृष्टीनं प्रश्न दोन आहेत: कोणतं झाड गुणकारी, आणि ते कशामुळे? दुसऱ्याचं उत्तर प्रयोगशाळेनं दिलं. पहिल्याचं उत्तर तिला आयतं मिळालं, पिढ्यान्‌पिढ्या साल उगाळणाऱ्यांकडून. त्यांचं नाव मात्र कुठेच नाही.

जाता जाता एक. खोडाची साल चहूबाजूंनी सोलली तर झाड वाळतं. एका बाजूनं, थोडी घेतली तर ते तगतं. सत्त्व कसंही काढा मंडळी, झाड उभं राहू द्या.